झाडं न्यायला आलेली बाई

आमच्या फाटकाची कडी नव्या माणसाला उघडत नसे. ती वर उचलून जरा स्वतःकडं ओढावी लागायची. त्या बाईनं ती एका हातानं, न बघता उघडली. दुसऱ्या हातात पहार होती. मागं रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला गोणपाटांचा गठ्ठा खाली घेत होता.

"मी मंदाकिनी," ती म्हणाली. "झाडं न्यायला आलेय. विश्वासनं सांगितलं असेल."

सांगितलं होतं. दोन दिवसांपूर्वी जेवताना, ताटातून मान वर न करता. माझे यजमान कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. पहिल्या बायकोचा कारखान्यात फोन आला होता. बागेत तिनं लावलेली झाडं तिला हवी होती. रविवारी येईल, काय न्यायचं ते नेऊ दे, एवढंच हे बोलले. तुम्ही असाल ना घरी, असं मी विचारलं, तर म्हणाले, हंगाम चालू आहे, रविवारची पहिली पाळी माझीच आहे. ती बदलून घेता आली असती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं व्हायची होती. माझं लग्न उशिरा झालं. त्याआधी एक मोठं ऑपरेशन झालं होतं, मला मूल होणार नाही हे सगळ्या नात्यात ठाऊक होतं, त्यामुळं स्थळं येत नव्हती. यांचं आलं, कारण यांना तीन वर्षांची मुलगी होती आणि घरात बाईमाणूस नव्हतं. मुलीचं नाव तेजश्री. आम्ही तेजू म्हणायचो. पहिल्या बायकोबद्दल हे एकदाच बोलले होते. तिला घरात राहवलं नाही, समजुतीनं वेगळे झालो, मुलगी तूच ठेव असं तिनंच मला सांगितलं. मी पुढं काही विचारलं नाही. मला त्या घरात यायचं होतं.

तेजू पहिल्या आठवड्यातच मला आई म्हणायला लागली. दुसरी कुणी तिला आठवत नव्हती.

बाग मला घराबरोबर मिळाली होती. पायरीच्या दोन्ही बाजूंना मोगरा, कुंपणाशी गुलाब, खिडकीखाली निशिगंध, मध्ये शेवंतीचा वाफा, कोपऱ्यात अनंत, आणि मागच्या दाराकडं जाताना कर्दळीचा एक चौकोन. मला झाडांतलं काही कळत नव्हतं. पाणी घालायचं एवढं कळत होतं, ते मी घालत होते. मोगरा हिरवागार असायचा, फुलं मात्र देवापुरतीसुद्धा निघायची नाहीत.

मंदाकिनीनं लगेच खणायला घेतलं नाही. पहार भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि एकेका झाडाजवळ जाऊन उकिडवी बसली. पानं उलटी करून बघितली, माती चिमटीत घेऊन चुरली. माझ्याहून ती दोन-चार वर्षांनी लहान असावी. साधी सुती साडी, घट्ट बांधलेले केस. चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. मी रात्रभर तिच्यासाठी जी उत्तरं तयार करून ठेवली होती, त्यांतलं एकही कामाला आलं नाही.

"पाणी कोण घालतं?" तिनं विचारलं.

"मी."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. तेजू शाळेतून आली की आम्ही दोघी घालतो."

"म्हणजे ती येते तेव्हा तुम्ही घरात असता."

"असतेच."

तिनं मान हलवली आणि पुढच्या झाडाकडं गेली. मला वाटलं होतं, पाणी फार होतंय असं काही सांगेल. ते तिनं नंतर सांगितलं.

तेवढ्यात तेजू बाहेर आली. एक वेणी घातलेली, दुसरी सुटी, हातात रिबीन. रविवारी वेण्या घालायच्या म्हणजे तिला शिक्षा वाटायची, मधेच पळून जायची. आज टेम्पोचा आवाज ऐकून ती स्वतःच माझ्यापुढं पायरीवर येऊन बसली आणि बाईकडं बघत राहिली. मी मागं बसून वेणी घालायला घेतली.

"ह्या कोण आहेत?" तेजूनं विचारलं.

मी काय सांगणार होते ते आता आठवत नाही. माझ्याआधी मंदाकिनीच बोलली. "ही झाडं मी लावली होती. आधी मी इथं राहायचे."

"आमच्या घरात?"

"हो."

"मग का गेलात?"

"आजारी पडले म्हणून."

तेजूला ते पटलं. आजारी माणसं दवाखान्यात जातात, तिथून दुसरीकडं जातात, असा काहीसा तिनं अर्थ लावला असावा. मी वेणी बांधून संपवली. मंदाकिनी तेजूच्या फ्रॉककडं बघत होती. फ्रॉक आदल्या वर्षीच्या दिवाळीचा. उंची वाढली म्हणून मी खालची दुमड उसवून पुन्हा शिवली होती, आणि जुन्या शिवणीची रेघ कापडावर राहिली होती.

"दुमड तुम्ही सोडलीत?"

"हो. रेघ जात नाही."

"पांढरा व्हिनेगर असेल तर लावून बघा, इस्त्रीच्या आधी," ती म्हणाली. मग सांगितलं की ती मिरजेला, भावाच्या गावी राहते आणि मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवते.

तिनं मग कामाला सुरुवात केली. मोगऱ्याच्या बुंध्यापासून वीतभर लांब, गोलाकार माती उकरत गेली. पहार ती पायानं दाबत नव्हती, वाकवून घेत होती, मुळं तुटू नयेत म्हणून. मातीचा गोळा सुटला की खालून गोणपाट सरकवायचं आणि सुतळीनं बांधायचं. ते मी करू लागले. नुसतं उभं राहणं मला अवघड झालं होतं. आधी तिनं फांद्या कात्रीनं निम्म्या उतरवल्या, तेव्हा मी म्हटलं, एवढ्या कापल्यावर जगेल का?

"जगेल. मुळं कमी झाली की वरचा भारही कमी करावा लागतो." मग दुसऱ्या बाजूच्या मोगऱ्याकडं बोट करून म्हणाली, "तो राहू दे तुम्हाला. पण त्याचं पाणी आता तोडा. थंडीत त्याला कोरडं ठेवायचं. पानं पिवळी पडून गळली की छाटायचं, मुळाशी शेणखत घालायचं आणि मग पाणी सुरू करायचं. वर्षभर सारखं पाणी मिळालं की तो नुसती पानं काढतो."

शेवंतीची फुलं सुकत आली होती. तिच्या बुडाशी आलेले कोवळे फुटवे तिनं मुळांसकट अलगद वेगळे केले. आईझाड दुसऱ्या वर्षी तेवढं फुलत नाही, दर वर्षी हे फुटवे काढून नव्या जागी लावायचे असतात, असं ती तेजूला सांगत होती. तेजू एकेक फुटवा ओल्या फडक्यात मांडत होती. निशिगंधाचे कांदेही तिनंच मोजून टोपलीत टाकले. अनंताला मंदाकिनीनं हात लावला नाही. हलवलेलं त्याला चालत नाही, म्हणाली.

मग ती गुलाबाकडं वळली. तेजू तिच्याजवळ, अगदी खांद्याला खांदा लावून बसली होती. मी दोन पावलांवर सुतळी कापत होते. तेजूनं सुटी फांदी धरायला हात घातला आणि काटा बोटात खोल गेला. ती किंचाळून उठली. मंदाकिनीनं दोन्ही हात पुढं केले. तेजू त्या हातांना वळसा घालून धावत माझ्याकडं आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली.

मी काटा काढला, बोट दाबून धरलं. रक्ताचा एकच थेंब आला. मंदाकिनीचे हात तसेच पुढं होते. मग तिनं ते खाली घेतले, कात्री उचलली आणि गुलाबाची वाळकी फांदी कापली. त्यानंतर बराच वेळ ती आमच्याकडं पाठ करूनच काम करत होती.

मी तेजूला आत नेऊन बोटाला हळद लावली, चित्रं काढायला बसवलं. परत आले तेव्हा मंदाकिनी कर्दळीच्या चौकोनासमोर उभी होती.

"यातली किती नेणार?" मी विचारलं.

"ही माझी नाही." मग म्हणाली, "इथं जमिनीलगत हौद होता."

मला हे माहीत नव्हतं. तो चौकोन बाकीच्या वाफ्यांपेक्षा वेगळा, विटांच्या कडेचा का आहे, असा विचार मी कधी केला नव्हता.

"तेजू झाल्यावर मला झोप येईना," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं, होईल बरं. वर्ष झालं तरी होईना. मी दिवसभर बागेत बसून असायची. काम करायची नाही, बसायची. एक दिवस ती रांगत, भिंत धरून धरून इथं आली आणि हौदात पडली. मी हितं, आता तुम्ही उभ्या आहात ना, हितं बसले होते. मला दिसत होतं. पण मला उठता येईना. हाक मारता येईना."

मी उभी होते तिथून बाजूला झाले.

"अत्तारचाचींनी कुंपणावरून उडी मारली. त्यांनी काढली तिला." तिनं शेजारच्या घराकडं बघितलं. "त्या रात्रीच मी विश्वासला म्हटलं, मला भावाकडं पोचव आणि हिला माझ्याजवळ देऊ नकोस. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार असतो, औषधानं जातो. मला तो गेलाय. पण त्याला खूप दिवस लागले."

अत्तारचाची आमच्या शेजारीण. चार वर्षांत असा दिवस गेला नव्हता की त्यांनी कुंपणावरून डोकावून तेजू कुठाय, असं विचारलं नाही. मला तो त्यांचा चौकसपणा वाटायचा, कधी कधी रागही यायचा.

मी चहा केला. हात धुवायला ती आत आली तेव्हा मोरी कुठं, हे मला सांगावं लागलं नाही. चहा पिता पिता तिची नजर घरात फिरत होती. तेजूच्या वह्यांच्या फळीवर, दप्तरावर, खिडकीच्या गजांवर. तेजू कुठं झोपते, असं तिनं विचारलं. माझ्याजवळ, मी म्हटलं. अजून अंगावरचं लाथाडते, तिला अंधाराची भीती नाही पण वाऱ्यानं दार वाजलेलं चालत नाही. हे मी न विचारता का सांगत होते ते कळत नव्हतं. ती ऐकत होती.

निघताना टेम्पोत झाडं लावून झाल्यावर मी फाटकाशी विचारलं, "तिला तुमच्याबद्दल काय सांगू?"

"ती विचारेल तेव्हा सांगा. फक्त खोटं सांगू नका."

तेजूनं पायरीवरूनच हळदीचं बोट हलवून टाटा केला.

हे दुपारी पाळी संपवून आले. उघड्या पडलेल्या खड्ड्यांकडं बघत बूट न काढताच पायरीवर बसले. काही बोलली का, असं विचारलं.

"हौदाचं बोलली."

त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. मग जे सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. फोन झाडांसाठी आला नव्हता. तिला तेजू हवी होती. भावानं वकिलाला विचारलं होतं. आजार बरा झाल्याचं डॉक्टर लिहून देतील, नोकरी आहे, मुलगी लहान आहे, मागितली तर मिळू शकते, असं वकिलाचं म्हणणं होतं. पण ती यांना म्हणाली, मी आधी एकदा घरी येऊन बघते, मग ठरवते. आणि शालनला काय सांगू, असं यांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, झाडं न्यायला येतेय म्हण.

शालन म्हणजे मी.

"मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर तू चांगली साडी नेसून, तिला नवा फ्रॉक घालून बसली असतीस," हे म्हणाले. "तिला रोजचं बघायचं होतं."

त्यांचं बरोबर होतं आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी आत गेले. तेजू चित्रं काढता काढता जमिनीवरच झोपली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. पोस्टमन फाटकाशी थांबला की मी हातातलं टाकून बाहेर यायची. कोर्टाचा कागद आला नाही. यांना विचारलं तर म्हणायचे, काही कळवलं नाही तिनं. तेजू शाळेत गेली की मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची. मोगऱ्याचं पाणी मात्र मी तोडलं होतं. त्याची पानं पिवळी पडत चालली, मग गळायला लागली, आणि शेवटी नुसत्या काटक्या उरल्या.

एका सकाळी मी तेजूला शाळेत सोडलं, यायला उशीर झाला तर तिला तुमच्याकडं बसवा, असं अत्तारचाचींना सांगितलं आणि मिरजेची एसटी धरली. यांना सांगितलं नाही.

शाळा बसस्टँडपासून लांब नव्हती. मंदाकिनी शाळेच्याच वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत होती. खोलीत खाट, शिवणाचं मशीन, स्टोव्ह, आणि एक खिडकी, तीही भिंतीकडं उघडणारी. कुंडी ठेवायलासुद्धा कठडा नव्हता. झाडं कुठं आहेत, मी विचारलं. खाली, शाळेच्या भिंतीला लावलीत, म्हणाली. मोगरा लागला, निशिगंधाचं उन्हाळ्यात कळेल, गुलाब गेला.

मग तिनं मला खाटेवर बसवलं आणि स्वतः मशीनच्या स्टुलावर बसली. मी सगळा रस्ताभर मनात बोलत आले होते. तिथं एकच वाक्य निघालं.

"तेजूला नेणार आहात का?"

"नाही."

तिनं ते इतक्या लगेच सांगितलं की मला काही क्षण कळलंच नाही.

"तुम्ही कशा आहात ते बघायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मी वकिलाला त्याच आठवड्यात नको म्हणून सांगितलं. विश्वासला कळवायला हवं होतं, पण फोन करायला हात धजला नाही. एकदा सांगितलं की संपलं, असं वाटत होतं."

"हे म्हणत होते, वेगळं होताना तुम्ही तिला भेटायला यायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मीच आले नाही. मला माझाच भरवसा नव्हता." तिनं मशीनवरची कात्री उचलून पुन्हा ठेवली. "आता घर तुमचं आहे. मी सारखी येत राहिले तर मुलगी दोन्हीकडं ओढली जाईल. नको."

मला तिथून उठून घरी जाता आलं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. खाली शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि मुलींचा गलका वरपर्यंत येत होता. ती त्या आवाजाकडं कान देऊन बसली होती, रोजच बसत असावी.

"मोगऱ्याची पानं गळलीत," मी म्हटलं. "छाटायचं म्हणालात, पण कुठून कापायचं ते मला कळत नाही. माझ्या हातून मरेल तो."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"रविवारी या तुम्ही. छाटून द्या. मग शेवंतीच्या वेळेला या. बागेत वर्षभर काही ना काही असतंच की."

"विश्वासला चालेल?"

"त्यांना मी सांगते."

मी सांगितलं. हे आधी चिडले, मग घाबरले, मग म्हणाले, तुझं तू बघ. शनिवारी मी तेजूला न्हाणीघरात बसवून तिच्या डोक्याला तेल लावत होते, तेव्हा तिलाही सांगितलं. ती विचारेल त्या दिवसाची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. झाडांवाल्या त्या बाई तुझी जन्मदाती आई आहेत, त्या आजारी होत्या म्हणून तू बाबांजवळ राहिलीस, असं जेवढ्यास तेवढं.

तेजू मान खाली घालून ऐकत होती. तेलाचा एक ओघळ तिच्या कानामागून खाली आला, तो तिनं पुसला.

"म्हणजे मी त्यांच्या पोटातून आले?"

"हो."

"आणि तू?"

"मी नंतर आले. मला जरा उशीर झाला."

"मग मी तुला काय म्हणू?"

"म्हणतेस तेच."

"आणि त्यांना?"

ते मला माहीत नव्हतं. उद्या त्या येतील, त्यांनाच विचार, मी म्हटलं.

तेजू आता पुण्याला असते, तिचा संसार आहे, आणि मंदाकिनी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कधी तिच्याकडं, कधी मिरजेला असते. हे सरळ झालं असं नाही. मधे एक-दोन वर्षं अशी आली की तेजू आम्हा दोघींशीही बोलायची नाही. पण त्या रविवारी जे झालं ते मला आता दिसतं तसं सांगते.

मंदाकिनी सकाळच्या गाडीनं आली. तेजू तिच्या आधीच पायरीवर जाऊन बसली होती. मंदाकिनी मोगऱ्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि काटक्यांवरून बोट फिरवत कुठं फुटव्याचा डोळा आहे, कुठं कापायचं, ते मला दाखवायला लागली. दोन-तीन फांद्या झाल्या असतील, तेजूनं सरळ विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

कात्री थांबली. मंदाकिनीनं माझ्याकडं बघितलं नाही. हाताला माती लागली होती, ती तिनं साडीलाच पुसली.

"मंदा म्हण," ती म्हणाली. "माझ्या घरी मला सगळे मंदाच म्हणतात."

"नुसतं मंदा? मोठ्या माणसाला?"

"चालेल मला."

तेजूनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं आणि उठून आत गेली. स्वयंपाकघरात जरा वेळ थांबली असावी, कारण आतून काहीच आवाज येत नव्हता. मग दारात येऊन मोठ्यानं म्हणाली,

"मंदा, आई विचारतेय, तुला चहा हवाय का?"

मी काहीच विचारलं नव्हतं. मी मंदाकिनीच्या शेजारीच बसले होते.

"हवाय," मंदाकिनी म्हणाली.

मी उठले आणि आत जाऊन आधण ठेवलं.